रिकामा बिन हीच ऑर्डर: नट-बोल्टच्या ‘दोन-बिन’ पुरवठा सेवेचं परीक्षण

मोटार, गिअरबॉक्स, कंट्रोल पॅनेल यांची शॉर्टेज आठवडाभर आधीच कळते, कारण त्यांच्यावर पर्चेसचा डोळा असतो. लाइन थांबते ती तीन रुपयांच्या बोल्टपायी. स्टोअरच्या कॉम्प्युटरवर २,००० नग दिसतात, रॅकमध्ये मात्र वॉशरचा चुरा आणि फाटकं खोकं. मग कुणीतरी मोटारसायकल काढतो आणि भोसरीतल्या दुकानातून छापील भावाने दोन किलो बोल्ट घेऊन येतो. ग्रेड कोणता, लॉट (एकाच वेळी बनलेली खेप) कोणता, हे विचारायची ती वेळ नसते.

यावरचा उपाय म्हणून पुण्याभोवतीच्या चाकण, भोसरी, तळवडे, रांजणगाव या पट्ट्यात फास्टनरचे, म्हणजे नट-बोल्ट-स्क्रूचे, बरेच पुरवठादार एक सेवा विकतात. रॅक त्यांचा, प्लॅस्टिकचे बिन त्यांचे, लेबल आणि स्कॅनरही त्यांचा. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी त्यांचा माणूस येतो, रिकामे बिन स्कॅन करतो आणि भरून ठेवतो. पर्चेस ऑर्डर वर्षातून एकदाच निघते, ती दराची. हे परीक्षण कुणा एका कंपनीचं नाही, सेवेच्या या प्रकाराचं आहे. दरपत्रकं वेगळी असतात, पण गाभा तोच आणि दुखणीही तीच.

गाभा जुना आहे. कानबन म्हणजे जपानीत पाटी. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी अमेरिकी सुपरमार्केटची रीत कारखान्यात आणली: गिऱ्हाइकाने फळीवरून जेवढं उचललं तेवढंच मागून भरायचं. दोन-बिन पद्धतीत एकाच मालाचे दोन बिन एकामागे एक असतात, आणि वेगळी पाटीही लागत नाही, रिकामा बिन हीच पाटी. पुढचा संपला की तो परतीच्या फळीवर ठेवायचा आणि मागचा पुढे ओढायचा. मागणीपत्र नको, इंडेंट नको, सही नको. सेवेची सगळी ताकद या एका वाक्यात आहे आणि सगळे घोळही इथूनच सुरू होतात.

पैशाचं गणित

पहिला आक्षेप ठरलेला: “बाजारात हाच बोल्ट स्वस्त मिळतो.” खरं आहे, मिळतो. पण १५० प्रकारच्या नट-बोल्ट-वॉशरसाठी कोटेशन, ऑर्डर, गेट एंट्री, मोजणी, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), बिल जुळवणी हे सगळं करायचं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तो मसाला वाचतो, हाच या सेवेचा खरा फायदा. बोल्टच्या दरात बचत होईल असं सांगून कुणी सेवा विकत असेल, तर तो विक्रेता नवखा आहे.

सौद्यात मात्र एका ठिकाणी जपावं. बहुतेक पुरवठादार बोल्टच्या दरातच सेवेचा आकार मिसळून टाकतात. समजा एम८×२५ चा (८ मिमी जाड, २५ मिमी लांब) बोल्ट ३ रुपयांचा आहे आणि सेवेपोटी १२ टक्के जास्त लावले. रोज ४८० नग, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १२,४८० नगांवर नगामागे ३६ पैसे. एकाच आयटमवर महिन्याला जवळजवळ ४,५०० रुपये गेले. त्याऐवजी ‘बिन भरण्याचे ४० रुपये’ असा दर ठरला आणि बिनमध्ये ९०० नग बसत असले, तर महिन्यात १४ वेळा भरणं होतं आणि खर्च ५६० रुपये. जलद खपणाऱ्या आयटमला बिनमागे दर परवडतो. हळू खपणाऱ्या, बिनमध्ये थोडाच माल असलेल्या आयटमला टक्केवारी परवडते, कारण तिथे मालाची किंमतच कमी असते. दोन्ही वेगळं मागावं, आणि बोल्टचा मूळ दर व सेवेचा आकार बिलावर स्वतंत्र ओळीत यायला हवा.

बिन किती, हा खरा प्रश्न

इथे बहुतेक सेवा पहिल्याच महिन्यात नापास होतात, आणि त्याचं कारण पाचवीच्या वजाबाकीएवढं साधं असतं.

वरचाच बोल्ट घेऊ. रोज १२० असेंब्ली, प्रत्येकीत ४ बोल्ट, म्हणजे दिवसाला ४८०. पुरवठादाराचा माणूस मंगळवारी आणि शनिवारी सकाळी येतो. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांप्रमाणे सुट्टी गुरुवारी. पुरवठादार सांगतो, “आमचा लीड टाइम, म्हणजे ऑर्डरपासून मालापर्यंतचा वेळ, तीन दिवस.” त्याच्या बाजूने तो खरंच बोलतो: मंगळवारी स्कॅन केलं की शनिवारी माल, मध्ये कामाचे तीन दिवस. पण बिन मंगळवारी सकाळी स्कॅनरची वाट पाहत रिकामा होत नाही. शनिवारी माणूस गेटबाहेर पडला आणि दहा मिनिटांनी बिन संपला, तर त्याचं स्कॅन मंगळवारी आणि माल पुढच्या शनिवारी. शनि, रवि, सोम, मग मंगळ, बुध, शुक्र असे कामाचे ६ दिवस झाले. हिशोब सहाचा करायचा.

४८० गुणिले ६, म्हणजे २,८८०. त्यावर २५ टक्के राखीव धरले की ३,६००. आता वजन बघा. एम८×२५ चा एक बोल्ट साधारण १४ ग्रॅमचा, म्हणजे ३,६०० नगांचे ५० किलो झाले. हा बिन नाही, पोतं आहे. हेल्परने दिवसभर हाताने ओढायचा बिन १५ किलोच्या वर जाऊ देऊ नये. तेव्हा एका बिनमध्ये ९०० नग, वजन साडेबारा किलोच्या आसपास. ३,६०० भागिले ९०० बरोबर ४ बिन, आणि एक वापरात, एकूण ५.

हा अधिकचा एक बिन विसरला जातो, म्हणून थोडं थांबू. कानबनच्या पाठ्यपुस्तकी सूत्रात रोजचा खप गुणिले लीड टाइम, त्यावर राखीव, भागिले बिनची क्षमता, एवढंच असतं. तिथे पाटी पहिला नग उचलताना निघते असं गृहीत असतं. आपल्याकडे बिन पूर्ण रिकामा झाल्यावरच संदेश जातो. म्हणून वापरातला बिन त्या आकड्याच्या वर मोजायचा. पुरवठादाराच्या एक्सेलमध्ये ही ओळ आहे का, हे पहिल्या बैठकीतच विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर पुढचं बोलणं त्याच्या साहेबाशी करावं.

गाडीतच साठा घेऊन येणारा आणि स्कॅन करून तिथल्या तिथे भरणारा पुरवठादार मिळाला, तर सहाचे तीन दिवस होतात आणि बिन पाचाऐवजी तीन लागतात. अशा सेवेला थोडा जास्त दर द्यायला हरकत नाही. ‘दोन-बिन’ हे नाव मात्र फक्त नावापुरतं समजावं. दोनच बिन चालतात ते खप कमी असलेल्या आयटमला: दिवसाला चाळीस-पन्नास नग वगैरे.

महिनाअखेर

हे सगळं गणित रोज १२० असेंब्लीवर उभं आहे. आपल्याकडच्या कारखान्यांत पहिला आठवडा सुस्त आणि शेवटचा धावपळीचा. शेवटच्या आठवड्यात १७० असेंब्ली निघायला लागल्या की दिवसाला ६८० बोल्ट लागतात. ३,६०० भागिले ६८० म्हणजे ५.३ दिवस. योग जुळून आला तर सहाव्या दिवशी पहिली शिफ्ट सुरू होऊन सव्वादोन-अडीच तासांत बिन कोरडा. डिस्पॅचच्या ऐन गर्दीत!

दोष पुरवठादाराचा नाही. जस्ट-इन-टाइमची (माल लागेल तेव्हाच, लागेल तेवढाच आणायच्या पद्धतीची) पहिली अटच उत्पादन सपाट, म्हणजे रोज सारखं, ठेवण्याची आहे, टोयोटात त्याला हेइजुन्का म्हणतात. ती अट न पाळता फक्त बिन आणायचे, म्हणजे आधी कळस मग पाया. वेळापत्रक सपाट होणार नसेल, तर बिनची संख्या सरासरीवर न काढता शेवटच्या आठवड्याच्या खपावर काढा. जास्तीचे एक-दोन बिन बोल्टच्या बाबतीत स्वस्तच पडतात. महाग आयटमला हा उपाय लावू नये.

दिवाळी आणि गणपतीच्या सुट्ट्यांचाही याच हिशोबात विचार व्हावा. कारखाना सुरू आणि पुरवठादाराचं गोदाम बंद, किंवा उलटं, असे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच दोघांच्या कॅलेंडरवर खुणावून घ्यायचे. तळेगाव चौकात अडकलेली गाडी हे कारण एखाद्या वेळी चालतं. दर आठवड्याला तेच ऐकू येत असेल, तर फेरीची वेळ बदलून घ्यावी.

बिन बरोबर, बोल्ट चुकीचा

माल संपण्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे चुकीचा माल भरला जाणं. ती नेहमी सारख्या दिसणाऱ्या जोड्यांत होते. एम८×२५ आणि एम८×३० शेजारी ठेवले की कधी ना कधी मिसळतात. एम१० मध्ये १.५ पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, मिमीत) नेहमीचा आणि १.२५ पिचचा फाइन: चुकीचा बोल्ट दोन आटे आत जातो आणि अडकतो. मग ऑपरेटर एअर गनने दाबतो आणि टॅप केलेलं भोकच बाद होतं. सर्वांत धोक्याची जोडी ८.८ आणि १०.९ या ताकदीच्या ग्रेडची. दोन्ही एकाच मापाचे, दोन्ही चकचकीत झिंक केलेले. ८.८ चा बोल्ट १०.९ च्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळला तर ताणला जातो. उलट झालं तर आवळताना काहीच कळत नाही, कारण टॉर्क तोच असल्याने पकडही जवळजवळ तेवढीच राहते.

षटकोनी बोल्टच्या डोक्यावर, एम५ आणि त्यावरच्या मापात, ग्रेड व उत्पादकाची खूण असायला हवी. खूण नसलेला बोल्ट बिनमध्ये आला तर तो लॉट परत पाठवा, चर्चा नको. भरताना दोन स्कॅन व्हायला हवेत, एक बिनचा आणि एक पाकिटाचा, आणि दोन्ही जुळल्याशिवाय यंत्राने पुढे जाऊ नये. बऱ्याच सेवांत फक्त बिनचाच स्कॅन होतो. तो नुसता हजेरीपट, पडताळणी नव्हे. याहून साधा आणि जास्त खात्रीचा उपाय म्हणजे बिनच्या पुढच्या कडेला तोच बोल्ट तारेने बांधून ठेवणं. भरणारा माणूस बदलला, स्कॅनर बिघडला, तरी हाताला फरक कळतो. सारख्या दिसणाऱ्या जोड्या रॅकवर शेजारी ठेवू नयेत, मधे एखादा नटचा बिन घालावा.

भरणं म्हणजे ओतणं नव्हे. अर्ध्या बिनवर नवा माल ओतला की जुना लॉट तळाशी वर्षभर पडून राहतो आणि तक्रार आली तर कोणता लॉट कुठे गेला ते सांगता येत नाही. करारात ‘रिकामा बिन बदलून भरलेला बिन’ एवढंच मान्य करा, आणि भरलेल्या बिनवर लॉट नंबर हवाच. टेस्ट सर्टिफिकेट त्या लॉटचं असावं, मागच्या वर्षीच्या पीडीएफची प्रत चालणार नाही. १२.९ ग्रेडचे इलेक्ट्रोप्लेट केलेले बोल्ट या सेवेत घेऊच नयेत असं आमचं मत आहे. त्यांत प्लेटिंगच्या वेळी शिरलेल्या हायड्रोजनमुळे आवळल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी डोकं तुटू शकतं. तिथे प्लेटिंगनंतरच्या बेकिंगची (हायड्रोजन काढायला भट्टीत तापवण्याची) नोंद लॉटनिहाय पाहावीच लागते. ब्रेक, स्टिअरिंग, लिफ्टिंग यांचे बोल्टही स्टोअरच्या कुलपात असलेले बरे.

मोजणी

बिन मोजून कुणी भरत नाही, वजनावर भरतात. एम८ ला ते चालतं. लहान स्क्रूला चालत नाही, आणि चूक काट्याची नसून नमुन्याची असते. समजा एम४×१० चा स्क्रू १.२ ग्रॅमचा आहे आणि काटा १ ग्रॅमपर्यंतच दाखवतो. दहा स्क्रू ठेवून नगाचं वजन ठरवलं तर १२ ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमची चूक, म्हणजे ४ टक्के. ५,००० नगांच्या बिनमध्ये २०० नग इकडे किंवा तिकडे, आणि बिलावर मात्र ५,००० पूर्ण. नमुना २०० नगांचा घेतला की हीच चूक दहाएक नगांवर येते. प्लेटिंगचा लॉट बदलला की नमुना नव्याने घ्यावा. रिकाम्या बिनचं वजनही प्रत्येक वेळी वजा करावं, सगळे बिन सारख्या वजनाचे नसतात. महिन्यातून एकदा कोणतेही तीन बिन उपसून हाताने मोजा, पुरवठादाराच्या माणसासमोर. हा अर्धा तास वर्षभर पुरतो.

शॉप फ्लोअरवर

आता स्वतःच्या घरातली घाण. ‘उरलेत थोडे’ म्हणून हेल्पर तळाशी दहा बोल्ट असलेला बिन परतीच्या फळीवर ठेवत नाही, आणि मागचाही बिन फोडतो. स्कॅन करणाऱ्याला एकही रिकामा बिन दिसत नाही. मंगळवार जातो आणि शुक्रवारी दोन्ही बिन एकदम संपतात. उपाय सोपा आहे: मागच्या बिनला लाल पट्टी लावा. पट्टी काढली, की पुढचा बिन त्याच क्षणी परतीच्या फळीवर गेला पाहिजे. उरलेले दहा बोल्ट नव्या बिनमध्ये वरून टाकायचे, एवढीच ओतण्याची सूट.

दुसरं दुखणं बेंचच्या खणातलं. शॉर्टेजचा चटका बसलेला प्रत्येक ऑपरेटर मूठभर बोल्ट लपवून ठेवतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, तो त्याचा स्वतःचा सेफ्टी स्टॉक आहे. सेवा दोन महिने न चुकता चालली की खण आपोआप रिकामे होतात. त्याआधी झडती घेतली तर ते लॉकरमध्ये जातात. खप कागदावर एकदम उसळतो आणि मग एकदम पडतो, तेव्हा समजावं की खण भरताहेत किंवा रिकामे होताहेत.

लेबलं चिकटवू नयेत. काळ्या बोल्टचं तेल बिनला लागतं आणि पंधरवड्यात स्टिकर गळतं. प्लॅस्टिकच्या खिशात घातलेलं कार्ड टिकतं. पावसाळ्यात उघड्या बिनमधल्या झिंकवर पांढरी भुकटी धरते, त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये खिडकीजवळ रॅक नको.

वजनाचे आणि कॅमेऱ्याचे बिन

स्वित्झर्लंडच्या बोसार्डचे वजन ओळखणारे स्मार्टबिन आणि जर्मनीच्या वुर्थचा कॅमेरावाला आयबिन हे या प्रकाराचे पुढचे अवतार. बिन स्वतःच सांगतो की मी संपत आलोय, फेरीची वाट पाहावी लागत नाही, आणि वरच्या सहा दिवसांतले स्कॅनपूर्वीचे तीन दिवस गळून पडतात. पण कुणी बिनवर पाना किंवा हातमोजे ठेवले की वजनाचा बिन स्वतःला भरलेला समजतो, आणि पॉवर प्रेसच्या शेजारी हादऱ्यांनी आकडा नाचतो. लाल पट्टीची शिस्त नसलेल्या कारखान्यात हे बिन आणून फरक पडणार नाही. शिस्त असलेल्या ठिकाणी, दहा-वीस जलद आयटमसाठी, विचार करावा.

पुरवठादाराच्या मागे काय आहे

तुमच्या दारात जस्ट-इन-टाइम, म्हणजे त्याच्या गोदामात साठा. तो नसेल तर तुमची शॉर्टेज फक्त पत्ता बदलते. बोल्ट लुधियाना किंवा रोहतकहून येत असतील तर तिथून गाडी निघून पोचायला दिवस लागतात, प्लेटिंग वेगळ्या ठिकाणी होत असेल तर आणखी. म्हणून गोदाम प्रत्यक्ष जाऊन पाहावं आणि विचारावं: माझ्या जलद वीस आयटमचा किती आठवड्यांचा साठा आहे, आणि तोच साठा आणखी किती गिऱ्हाइकांना दाखवला आहे? दुसऱ्या प्रश्नावर बहुधा शांतता पसरते.

स्वस्त भागाने मोठी लाइन थांबणं ही काही आपली खासियत नाही. १६ जुलै २००७ च्या भूकंपात काशिवाझाकीचा रिकेन हा पिस्टन रिंगचा कारखाना बंद पडला आणि टोयोटासह जपानच्या मोटार कंपन्यांच्या लाइन थांबल्या. त्याआधी १ फेब्रुवारी १९९७ ला आइसिनच्या कारिया कारखान्याला आग लागली, तेव्हा ब्रेकच्या एका छोट्या व्हॉल्व्हमुळे टोयोटाचं उत्पादन काही दिवस ठप्प होतं. ज्यांनी ही पद्धत घडवली त्यांचं हे झालं. आपण निदान जलद वीस आयटमसाठी दुसरा पुरवठादार मंजूर करून ठेवावा, नमुने तपासून, दर ठरवून.

करार

बिल केव्हा लागू होतं ते स्पष्ट असावं: बिन भरल्यावर, की बिन वापरात घेतल्यावर. दुसऱ्या प्रकारात माल चालानवर येतो आणि पुरवठादाराच्या मालकीचा राहतो. ऐकायला गोड, पण जीएसटी कायद्यानुसार पसंतीवर पाठवलेल्या मालाचं बिल फार तर सहा महिन्यांत करावंच लागतं. हळू खपणारे आयटम हात न लावताही सहा महिन्यांनी तुमच्या खात्यावर येऊ शकतात. अशा आयटमची यादी तिमाहीला मागवा आणि पाचव्या महिन्यात परत पाठवायची मुभा लिहून घ्या.

डिझाइन बदललं आणि २५ च्या जागी ३० चा बोल्ट आला, तर उरलेला २५ चा माल कुणाचा? करारात हे नसेल तर तो तुमचा. ‘बिनची संख्या गुणिले बिनची क्षमता’ एवढ्याच मालाची जबाबदारी मान्य करा, गोदामातल्या साठ्याची नको. किंवा घेतलीच तर ठराविक आठवड्यांपुरती.

सुरुवात २० आयटमवर करावी, तीही एकाच लाइनवर, आणि दोन महिनाअखेरी पार पडेपर्यंत वाढवू नये. ३०-४० पेक्षा कमी आयटम असतील तर ही सेवा घेऊच नये. भाजीचे क्रेट, लाल पट्ट्या आणि खिळ्यांचा एक बोर्ड यांवर स्टोअरकीपर तेच काम करतो. शंभराच्या पुढे आयटम असलेल्या असेंब्ली शॉपला आम्ही पाचपैकी चार गुण देऊ. गाडीत साठा नसलेल्या सेवेला तीन.

आणि लेबलांवर पुरवठादाराच्या कोडबरोबर तुमचा स्वतःचा पार्ट नंबर छापून घ्या, पहिल्याच दिवशी. करार संपला की रॅक आणि बिन त्याचे म्हणून तो घेऊन जातो. लेबलांवर फक्त त्याचेच कोड असतील तर मागे उरतो तो जमिनीवर ओतलेला, नाव नसलेल्या १५० प्रकारच्या बोल्टचा ढीग.